मानवी हक्क : त्यांचे अधिष्ठान आणि प्रकार



दरवर्षी सप्टेंबर महिन्याच्या १७ तारखेस आपल्या शाळेच्या प्रांगणात ध्वजवंदन होते. गेल्या वर्षी तो समारंभ आटोपल्यावर नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, निजामाच्या राज्यात आमच्या पणजोबांना हक्क होते की नव्हते?" मी विशेष विचार न करता "नव्हते" असे उत्तर दिले. त्यावर तो म्हणाला, "मग जे नव्हतेच, त्याच्यासाठी ते भांडले कसे?" सारा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण त्या मुलाने नकळत ज्या प्रश्नाला हात घातला होता, त्याचा खल जगातील कायदेपंडित शतकानुशतके करीत आले आहेत. त्या दिवशी घंटा वाजली आणि उत्तर राहून गेले. ते राहिलेले उत्तर देण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख होय.

हक्क म्हणजे काय?

प्रथम 'हक्क' या शब्दाकडेच पाहू. हा शब्द अरबी भाषेतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि आपल्या दख्खनी मातीत चांगलाच रुजला. जुन्या वतनाच्या कागदपत्रांत पाटील, कुलकर्णी, देशमुख यांचे 'हक्कलाजिमे' आणि 'मानपान' नोंदलेले आढळतात. तेथे हक्क म्हणजे वतनदाराला त्याच्या वतनामुळे मिळावयाचा वाटा. वतन असेल तर हक्क, वतन नसेल तर हक्क नाही. शेतात राबणाऱ्या वेठबिगाराला त्या कागदांत कामाचे ओझे आहे, पण हक्काचा रकाना नाही.

आज आपण 'मानवी हक्क' म्हणतो, तेव्हा तोच शब्द अगदी निराळ्या अर्थाने वापरतो. मानवी हक्क म्हणजे केवळ मनुष्य म्हणून जन्मास आल्यामुळे प्रत्येकाला जे लाभतात आणि जे कोणत्याही पदावर, कुळावर, धर्मावर, भाषेवर, संपत्तीवर अथवा राजाच्या मर्जीवर अवलंबून नसतात, असे हक्क. हक्क आणि कृपा यांतील भेद येथे नीट ध्यानात घ्यावा. दुष्काळात एखाद्या सरदाराने धान्याचे कोठार उघडले, तर ती त्याची कृपा; ती स्तुत्य खरी, परंतु उद्या त्याने कोठार बंद केले तर त्यास कोणी जाब विचारू शकत नाही. हक्क असला म्हणजे जाब विचारता येतो. जेथे एकाचा हक्क असतो, तेथे दुसऱ्या कोणावर तरी कर्तव्य असते.

हक्कांचे अधिष्ठान

हे हक्क येतात कोठून? या प्रश्नाला मुख्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की, ते निसर्गसिद्ध आहेत. मनुष्याला विवेक आहे, सदसद्बुद्धी आहे आणि म्हणून त्यास अंगभूत प्रतिष्ठा आहे. कायदा ती प्रतिष्ठा निर्माण करीत नाही, केवळ मान्य करतो. दुसरे उत्तर असे की, जे कायद्यात लिहिलेले आहे आणि ज्याची अंमलबजावणी न्यायालय करू शकते, तेवढाच खरा हक्क. बाकी सर्व सदिच्छा. पहिल्या उत्तरात उंची आहे, पण हातात धरावयास काही नाही. दुसऱ्यात हाती धरावयास कायद्याचे पुस्तक आहे, परंतु कायदाच अन्यायी असेल तर काय करावे, हे ते सांगत नाही.

पहिल्या उत्तराचा शोध घेण्यासाठी आपणांस फार दूर जावयास नको. बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे बाराव्या शतकात कल्याण या नावाने कलचुरी राजा बिज्जळाची राजधानी होते. तेथे महात्मा बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी शरण यांनी जन्मावरून ठरणारा उच्चनीच भेद नाकारला. अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली भरणाऱ्या अनुभवमंटपात निरनिराळ्या जातींचे आणि व्यवसायांचे स्त्रीपुरुष एकत्र बसून चर्चा करीत, असे परंपरा सांगते. त्याच परंपरेत अशी कथा आहे की, चर्मकार समाजातील हरळय्या यांच्या पुत्राचा विवाह ब्राह्मण मधुवरस यांच्या कन्येशी झाला. धर्म बुडाला म्हणून दोन्ही पित्यांना देहान्त शिक्षा झाली आणि त्यातूनच कल्याणात मोठा क्षोभ उसळला. त्या काळी 'मानवी हक्क' हा शब्द कोणाच्या ओठी नव्हता. तथापि कायदा विरोधात असतानाही माणसाची बरोबरी खरी मानणारी माणसे या भूमीत होती आणि तिच्यासाठी त्यांनी प्राण दिले, एवढे त्या कथेवरून निश्चित होते.

दुसऱ्या उत्तराचा, म्हणजे लेखी कायद्याचा, इतिहास युरोप-अमेरिकेत अधिक ठळक दिसतो. १२१५ साली इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी मिळविलेला मॅग्ना कार्टा, १६८९ चा इंग्लंडमधील हक्कांचा कायदा, १७७६ ची अमेरिकेची स्वातंत्र्यघोषणा आणि १७८९ चा फ्रान्सचा मानवाच्या व नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा हे त्यातील प्रमुख टप्पे होत. परंतु या सर्वांत एक उणीव होती. अमेरिकेने सर्व माणसे समान असल्याची घोषणा केली, तेव्हा तेथे गुलामगिरी चालूच होती; फ्रान्सच्या जाहीरनाम्यात स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. शिवाय हे सारे हक्क आपापल्या देशापुरते होते. देशाच्या सीमेबाहेर त्यांचा आवाज पोहोचत नव्हता.

पॅरिस, १९४८

जुन्या आंतरराष्ट्रीय कायद्यात व्यक्तीला जवळजवळ स्थान नव्हते. तो राज्याराज्यांमधील व्यवहारांचा कायदा होता. एखाद्या राजाने आपल्या प्रजेला कसे वागवावे, हा त्याच्या घरचा प्रश्न मानला जाई. गुलामांच्या व्यापारावरील बंदी, १९१९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि पहिल्या महायुद्धानंतरचे अल्पसंख्याकांच्या रक्षणाचे तह हे काय ते अपवाद. पुढे हिटलरच्या राजवटीत लाखो ज्यू व इतर निरपराध लोकांची हत्या झाली आणि ती पुष्कळशी त्या देशाच्या कायद्यांच्या आधारानेच झाली. तेव्हा घरचा प्रश्न म्हणून सारे घर जळू देता येत नाही, हे जगाला पटले. २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्वाक्षऱ्या झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेत मानवी हक्कांबद्दल आदर वाढविणे हा संघटनेचा एक हेतू म्हणून प्रथमच नमूद झाला. त्याचबरोबर कोणत्याही राज्याच्या अंतर्गत कारभारात संघटनेने हस्तक्षेप करू नये, असेही त्याच सनदेत म्हटले गेले. या दोन तत्त्वांतील ओढाताण आजही संपलेली नाही.

आता आपल्या मुलुखाशी निगडित अशी एक गोष्ट सांगतो. २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार दाखल केली. बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. १६ सप्टेंबर रोजी पॅरिस येथे परिषदेपुढे तो विषय निघाला, तेव्हा भारतीय सैन्याची कारवाई सुरू होऊन तीन दिवस लोटले होते. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली आणि लवकरच तक्रार मागे घेत असल्याचेही कळविले. परिषदेपुढील वादाचा मुद्दा काय होता? हैदराबाद हे सार्वभौम राज्य आहे काय आणि त्यास येथे तक्रार करता येते काय, हा. तक्रार करणारा राजा आणि उत्तर देणारे सरकार, असा तो सामना होता. ज्यांच्या सभांवर बंदी होती, ज्यांची गावे जळली होती, त्या प्रजाजनांना त्या सभागृहात खुर्ची नव्हती.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, त्याच पॅरिस नगरीत १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत केला. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, विरोधी मत एकही पडले नाही आणि ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. वर्णभेद पाळणारे दक्षिण आफ्रिका, सौदी अरेबिया, तसेच सोव्हिएत रशिया व त्याचे सहकारी देश हे त्या तटस्थांपैकी होते. जाहीरनाम्यात एकूण ३० कलमे आहेत. मसुदा तयार करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षा अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट या होत्या आणि भारताच्या प्रतिनिधी होत्या मुंबईच्या श्रीमती हंसाबेन मेहता. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात 'सर्व माणसे' या अर्थी जो शब्द होता, त्याचा अर्थ 'सर्व पुरुष' असाही होऊ शकत होता. त्यास हंसाबेनांनी हरकत घेतली आणि तेथे 'सर्व मानवप्राणी' अशा अर्थाची शब्दयोजना झाली. एका शब्दाने अर्ध्या मानवजातीस दार उघडले गेले. व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण अवश्य स्मरावे.

सप्टेंबरात प्रश्न राज्याचा होता, डिसेंबरात तो माणसाचा झाला. आंतरराष्ट्रीय कायद्यात घडलेला सर्वांत मोठा बदल हाच होय. जाहीरनाम्यात कायदेपंडितांच्या वर सांगितलेल्या दोन्ही उत्तरांचा मेळही बसला. हक्क हे मनुष्याच्या अंगभूत प्रतिष्ठेतून येतात, हे त्याच्या प्रास्ताविकाने मान्य केले आणि त्याचबरोबर त्यांचे रक्षण कायद्याने झाले पाहिजे, असेही सांगितले.

अर्थात् जाहीरनामा हा करार नव्हे. तो राष्ट्रांवर कायद्याने बंधनकारक नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी १६ डिसेंबर १९६६ रोजी दोन आंतरराष्ट्रीय करार संमत झाले. एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. ते १९७६ साली अमलात आले आणि १० एप्रिल १९७९ रोजी भारत त्या दोहोंत सामील झाला. जाहीरनामा आणि हे दोन करार मिळून मानवी हक्कांची आंतरराष्ट्रीय सनद होते. पुढे वंशभेदाविरुद्ध १९६५ साली, स्त्रियांविषयीच्या भेदभावाविरुद्ध १९७९ साली, बालकांच्या हक्कांसाठी १९८९ साली आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी २००६ साली असे स्वतंत्र करार झाले. भारताने हे चारही स्वीकारले आहेत. छळाविरुद्धच्या १९८४ च्या करारावर मात्र भारताने १९९७ साली स्वाक्षरी केली असली, तरी त्यास अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही.

हक्कांचे प्रकार

फ्रान्समधील कायदेपंडित कारेल वासाक यांनी १९७७ साली मानवी हक्कांच्या तीन पिढ्या कल्पिल्या आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या स्वातंत्र्य, समता व बंधुता या तीन घोषणांशी त्यांची सांगड घातली. अभ्यासाच्या सोयीसाठी आपणही तोच क्रम घेऊ आणि प्रत्येक प्रकाराचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यांच्या इतिहासातून पाहू.

पहिला प्रकार नागरी व राजकीय हक्कांचा. जीविताचा हक्क, छळ व गुलामगिरी यांपासून मुक्तता, निःपक्षपाती न्यायचौकशी, विचार, धर्म, भाषण व सभा यांचे स्वातंत्र्य आणि मतदानाचा हक्क हे यात येतात. हैदराबाद संस्थानात 'गश्ती निशाण ५३' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकामुळे सरकारी परवानगीवाचून सभा भरविणे अशक्य झाले होते. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत टिकली. त्याच १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांपैकी अनेकांनी नागपूर विद्यापीठात जाऊन आपले शिक्षण पुरे केले. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतीलच एक होत. ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची हैदराबादेत निर्घृण हत्या झाली. रझाकारांच्या अत्याचारांविरुद्ध आणि भारतातील विलीनीकरणाच्या बाजूने ते निर्भयपणे लिहीत, एवढाच त्यांचा अपराध. लेखणीचे स्वातंत्र्य कोणत्याही एका धर्माची अथवा एका भाषेची मिरास नाही, हे त्यांच्या बलिदानाने दाखविले.

दुसरा प्रकार आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. काम, योग्य वेतन, आरोग्य, अन्न, निवारा व शिक्षण यांचे हक्क यात येतात. पहिल्या प्रकारातील हक्कांसाठी शासनाने पुष्कळदा आपला हात आवरावयाचा असतो, तर दुसऱ्या प्रकारातील हक्कांसाठी तो पुढे करावयाचा असतो. शाळा बांधल्यावाचून शिक्षणाचा हक्क पुरा होत नाही. म्हणूनच या हक्कांची पूर्तता साधनसंपत्तीच्या मानाने क्रमाक्रमाने करावी, असे करारात म्हटले आहे. परंतु क्रमाक्रमाने याचा अर्थ सावकाश असा नव्हे. भारताने २००२ च्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षण हा मूलभूत हक्क केला आणि त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. १९४८ च्या जाहीरनाम्यातील २६ वे कलम आपल्या गावच्या शाळेपर्यंत येण्यास बासष्ट वर्षे लागली.

तिसरा प्रकार सामूहिक हक्कांचा. विकासाचा हक्क, शांततेचा हक्क, निर्मळ पर्यावरणाचा हक्क हे एकट्यादुकट्याने भोगावयाचे नसून समाजाने मिळून भोगावयाचे असतात. संयुक्त राष्ट्रसंघाने विकासाच्या हक्काची घोषणा १९८६ साली केली. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर संविधानाचे कलम ३७१ (जे) पाहावे. निजामी राजवटीतून आलेला आपला प्रदेश मागे पडला, हे मान्य करून ९८ व्या घटनादुरुस्तीने त्यासाठी स्वतंत्र विकास मंडळाची आणि शिक्षण व नोकऱ्या यांत स्थानिकांसाठी राखीव जागांची तरतूद झाली. २०१३ पासून ती अमलात आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या थोरल्या भावाबहिणींना या तरतुदीचा लाभ झाला असेल. तो कोणाची मेहेरबानी म्हणून झालेला नाही, हे विसरू नये.

या तीन पिढ्या म्हणजे एकीच्या डोक्यावर दुसरी अशी उतरंड नव्हे. उपाशी माणसास भाषणस्वातंत्र्य अपुरे पडते आणि मुक्या केलेल्या माणसाला आपली भूक सांगता येत नाही. सर्व मानवी हक्क अविभाज्य व परस्परावलंबी आहेत, असे १९९३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक परिषदेने सांगितले ते याच कारणास्तव.

आणखी एक वर्गीकरण ध्यानात ठेवावे. काही हक्क आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. छळ आणि गुलामगिरी यांपासून मुक्तता हे त्यांपैकी होत. केवळ कर्ज फेडता आले नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकू नये, हाही हक्क त्याच मालिकेतला आहे. सावकारीच्या पाशात सापडलेल्या कोरडवाहू मुलुखाला त्याचे मोल सांगावयास नको. १९८० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय करारातील याच कलमाचा आधार घेऊन, दारिद्र्यामुळे देणे थकलेल्या ऋणकोस अटक करणे अन्यायाचे ठरविले. इतर काही हक्कांवर मात्र सार्वजनिक सुव्यवस्था व इतरांचे हक्क यांसाठी कायद्याने वाजवी मर्यादा घालता येतात.

भाषेचा हक्क

आपण मराठी माध्यमाच्या शाळेत शिकतो आणि आपले राज्य कर्नाटक आहे. म्हणून एका हक्काचा विचार जरा विस्ताराने करणे प्राप्त आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले; बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात आले आणि काही भाग आंध्रात गेला. सोयरीक राहिली, सीमा मात्र मधून गेली. अशा वेळी सीमेच्या कोणत्या बाजूस आपण राहिलो, यावर आपली भाषा अवलंबून राहू नये, यासाठी संविधानाच्या २९ व ३० व्या कलमांनी भाषिक अल्पसंख्याकांना भाषा जतन करण्याचा व शाळा चालविण्याचा हक्क दिला आहे. पुनर्रचनेच्याच वर्षी समाविष्ट झालेल्या ३५० (अ) कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील २७ वे कलमही हेच तत्त्व सांगते.

परंतु हा हक्क एकांगी नाही. महाराष्ट्रात इतर भाषांच्या शाळांनी मराठी हा विषय शिकवावा, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली उचित ठरविला; ज्या राज्यात राहावयाचे, तेथील लोकांची भाषा शिकणे अल्पसंख्याकांच्याही हिताचे आहे, असा त्याचा भावार्थ. दुसऱ्या बाजूने, शिक्षणाचे माध्यम कोणते असावे याची सक्ती राज्याने करू नये, असे त्याच न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकाच्या प्रकरणात सांगितले. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे समतोल कळतो. जतमधील आणि अक्कलकोटमधील कन्नड शाळेला जो न्याय आपण देऊ, तोच आपल्या शाळेसाठी मागण्याचा आपणास अधिकार आहे. जो आपला हक्क मागतो आणि दुसऱ्याचा तोच हक्क नाकारतो, तो हक्क मागत नसून केवळ वाटा मागत असतो, जुन्या वतनदारासारखा.

माझी स्वतःची मातृभाषा कोकणी. घरी आईशी कोकणीत बोलावे, वर्गात मराठीत शिकवावे आणि बाजारात कन्नडमध्ये भाव करावा, असा माझा दिनक्रम आहे. १९९२ साली कोकणीला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, तेव्हा आमच्या घरी साखर वाटल्याची गोष्ट आई आजही सांगते. त्या दिवशी कोणत्याही दुसऱ्या भाषेचे काही कमी झाले नाही. हक्काचे हेच वैशिष्ट्य आहे; धनासारखा तो वाटल्याने उणा होत नाही.

हक्कांची कसोटी

आता लेखाच्या सर्वांत कठीण भागाकडे वळतो. पाठ्यपुस्तकात हा भाग थोडक्यात येतो किंवा येतच नाही. परंतु तुम्ही आता लहान राहिला नाहीत.

१९४८ च्या मे महिन्यात बसवकल्याण तालुक्यातील गोरटा या गावी रझाकारांनी अनेक निरपराध ग्रामस्थांची कत्तल केली. तेथे आज हुतात्म्यांचे स्मारक आहे. ही घटना आपणांपैकी पुष्कळांनी घरी ऐकलेली असते. त्यानंतर सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले. मात्र मुक्तीनंतरच्या दिवसांत अनेक ठिकाणी सूडाचा वणवा पेटला आणि ज्यांचा रझाकारांशी काडीमात्र संबंध नव्हता, असे हजारो मुसलमान स्त्रीपुरुष त्यात बळी पडले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीने नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संस्थानात दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे तिने नमूद केले आणि संस्थानभरातील मृतांची संख्या किमान २७ ते ४० हजार असल्याचा अंदाज दिला. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही.

तारखांकडे पाहावे. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत होत असताना ही समिती या संस्थानातील पीडितांच्या हकिकती ऐकत फिरत होती. जगाचा कागद आणि आपली माती यांच्यामधील अंतर त्या दिवशी किती होते, हे यावरून कळेल.

येथेच मानवी हक्कांची खरी कसोटी लागते. गोरट्याच्या मृतांसाठी ज्याचे मन कळवळते, त्याचे मन सूडाच्या बळींसाठीही कळवळले पाहिजे, आणि याच्या उलटही तितकेच खरे आहे. जीविताचा हक्क पीडितांच्या पक्षाला असतो, जेत्यांच्या पक्षाला असतो किंवा बहुसंख्यांना असतो, असे जाहीरनामा म्हणत नाही. तो हक्क माणसाला आहे.

त्याच अहवालात एक नोंद आहे, जी प्रत्येक विद्यार्थ्याने मनात जपावी. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांचे रक्षण केले, चालून आलेल्या आपल्याच धर्माच्या लोकांना अडविले आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले. त्या विणकरांनी कोणताही जाहीरनामा वाचला नव्हता. तो तेव्हा संमतही झालेला नव्हता. शेजारच्या मागावर बसणारा माणूस हा माणूस आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

रक्षणाची साधने

कागदावरील हक्कास रक्षणाची व्यवस्था लागते. संविधानाच्या ३२ व्या कलमान्वये मूलभूत हक्कांसाठी नागरिकास थेट सर्वोच्च न्यायालयाचे आणि २२६ व्या कलमान्वये उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते. कलबुर्गी येथे कर्नाटक उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला आणि राज्य आयोगांची वाटही मोकळी झाली. आयोगाकडे साध्या कागदावर तक्रार करता येते, त्यास शुल्क पडत नाही. परंतु आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाची मानवी हक्क परिषद २००८ पासून प्रत्येक राष्ट्राच्या कामगिरीचा ठराविक काळाने आढावा घेते. तिच्याही हाती शिपाई नाही. म्हणून अखेरचा पहारा सुजाण नागरिकांचाच. जाहीरनाम्याच्या २९ व्या कलमाने प्रत्येकाला समाजाप्रती कर्तव्ये असल्याचे सांगितले आहे, ते उगीच नव्हे.

त्या विद्यार्थ्याचे उत्तर आता देतो. बाळ, तुझ्या पणजोबांना हक्क होते. निजामाच्या कायद्यात ते लिहिलेले नव्हते, एवढेच मला त्या दिवशी म्हणावयास हवे होते. ते होते, म्हणूनच तर पणजोबांना अन्याय हा अन्याय म्हणून ओळखता आला आणि त्याविरुद्ध भांडता आले. जो हक्क कायदा देतो, तो कायदा काढूनही घेऊ शकतो. जो माणूसपणातून येतो, तो फक्त तुडविता येतो, नाहीसा करता येत नाही. तो तुडविला जाऊ नये म्हणून कायदा असतो आणि कायदा झोपला तर त्यास जागे करण्यासाठी आपण असतो.

येत्या १७ सप्टेंबरला ध्वजाला वंदन कराल, तेव्हा १० डिसेंबर ही तारीखही तिच्या जोडीला आठवावी, आणि त्या विणकरांचीही आठवण व्हावी. एवढे झाले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.